अर्थव्यवस्था दुप्पट आणि ऊर्जा मात्र आहे तेवढीच? हे लांब पल्ल्याचे अंदाज वाचायचे तरी कसे?

निवांत_वाचक:

नमस्कार मंडळी. गेले काही दिवस जागतिक वाढ आणि ऊर्जेच्या वापराचे २०५०, २१०० वगैरेचे अंदाज वाचतोय आणि जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय, म्हणून शेवटी धागा काढला.

आयईएने, म्हणजे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने, २०२१ मध्ये नेट झिरोचा (म्हणजे २०५० ला निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा) जो आराखडा काढला त्यात असं आहे की २०५० ला जगाची अर्थव्यवस्था तेव्हाच्या दुपटीपेक्षा मोठी असेल, माणसं २०० कोटींनी वाढलेली असतील आणि तरीही ऊर्जेची मागणी ८ टक्क्यांनी कमी असेल. दुसरीकडे ओपेकचा, म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेचा, २०२४ चा अहवाल म्हणतो की २०५० ला नुसत्या तेलाचीच मागणी दिवसाला १२ कोटी बॅरल. आत्ता ती १० कोटींच्या थोडी वर आहे आणि आयईएच्या त्या नेट झिरोमध्ये २.४ कोटी. म्हणजे एकच वर्ष, एकच तेल, आणि दोन आकड्यांत पाचपटीचा फरक! हवामानखात्याने असं केलं असतं तर आपण काय काय बोललो असतो.

मग मी म्हटलं आपणच एक्सेल उघडू. जगाची वाढ वर्षाला ३% धरली तर १०० वर्षांत अर्थव्यवस्था १९ पट होते. २% धरली तर सातपट आणि १% धरली तर पावणेतीनपट. हे बघूनच गरगरलं, कारण तीन टक्के काय आणि दोन टक्के काय, बातमीत ऐकताना सारखंच वाटतं. आता १९ पट अर्थव्यवस्थेला १९ पट ऊर्जा लागणार का? नसेल तर का नाही? आणि लागणार असेल तर ती येणार कुठून? जाणकारांनी जरा इस्कटून सांगा.

टर्बाइनवाला:

चांगला विषय. आधी एक गोष्ट क्लिअर करतो, कारण निम्मा घोळ तिथेच आहे.

बातम्यांत ऊर्जा म्हणून जो आकडा येतो तो बहुतेक वेळा प्राथमिक ऊर्जेचा असतो, म्हणजे जाळलेल्या कोळशात, तेलात, गॅसमध्ये जेवढी उष्णता होती ती सगळी. त्यातली कामाला किती आली हा वेगळाच प्रश्न. कोळशाच्या वीजकेंद्रात १०० युनिट उष्णता ओतली की ३५-४० युनिट वीज हातात येते, बाकीची कूलिंग टॉवरमधून आणि चिमणीतून हवेत जाते. पेट्रोलच्या गाडीत तर चाकापर्यंत २०-३० पोचली तरी खूप. तीच गाडी बॅटरीवर असली की ८० च्या आसपास चाकाला मिळतात. घर गरम करायला बॉयलरऐवजी हीट पंप लावला तर एक युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता घरात येते कारण तो बाहेरची उष्णता आत ढकलतो, तयार करत नाही.

तर आयईएच्या त्या ८ टक्के कमीमध्ये जादू नाहीये. गाड्या विजेवर, हीटिंग विजेवर आणि वीज वारा-सूर्यावर असं सगळं धरलं की तेवढंच काम खूप कमी प्राथमिक ऊर्जेत होतं. लोकांनी अंधारात बसावं असं त्यात धरलेलं नाही. आता हे सगळं त्या वेगाने होईल का, हा मुद्दा वेगळा आणि त्यावर माझं मत फार बरं नाही.

दुसरं म्हणजे आकडा मोजायची पद्धत. एनर्जी इन्स्टिट्यूटचा जो वार्षिक आढावा असतो (पूर्वी बीपी ही तेल कंपनी काढायची तोच) त्यात २०२३ चा जागतिक वापर ६२० एक्साज्यूल (ऊर्जा मोजायचं फार मोठं एकक) होता. पुढच्या वर्षीच्या आढाव्यात २०२४ चा आकडा ५९२, आणि त्याच पानावर लिहिलंय की वापर २ टक्क्यांनी वाढला! घाबरू नका, जग आटलं नाही. आधी ते वारा-सूर्याची वीज फुगवून मोजायचे, म्हणजे तेवढी वीज औष्णिक केंद्रात करायला किती इंधन लागलं असतं ते धरायचे, आता जेवढी वीज तेवढीच मोजतात. त्यामुळे दोन अहवाल शेजारी ठेवून तुलना करण्याआधी पद्धत बघा नाहीतर डोकं फिरेल.

पण एक लक्षात घ्या, विजेवर जाण्यातली ही बचत एकदाच मिळते. इंजिनाऐवजी मोटर आली, ३० चे ८० झाले, पुढे १०० च्या वर तर जाता येत नाही ना. म्हणून २०५० पर्यंतचा आलेख बघून तोच उतार २१५० पर्यंत ओढला तर फसाल.

अर्थाचा_अनर्थ:

टर्बाइनवाल्यांशी सहमत, पण अर्थशास्त्राच्या बाजूने थोडं घालतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

असल्या सगळ्या अंदाजांच्या पोटात एक साधा गुणाकार असतो. योइची काया नावाच्या जपानी तज्ज्ञाच्या नावाने ओळखला जातो तो. लोकसंख्या, गुणिले दरडोई जीडीपी, गुणिले एका डॉलरच्या जीडीपीमागे किती ऊर्जा लागते ते, गुणिले त्या ऊर्जेमागे किती कार्बन सुटतो ते. संपलं. तुमच्या प्रश्नाचं सगळं भांडण तिसऱ्या घटकावर आहे, त्याला ऊर्जा तीव्रता म्हणतात. जीडीपी ३ टक्क्यांनी वाढला आणि तीव्रता दीड टक्क्याने घटली तर ऊर्जेची मागणी साधारण दीड टक्क्याने वाढते आणि १०० वर्षांत सव्वाचार-साडेचारपट होते. तीव्रता २ टक्क्यांनी घटली तर पावणेतीनपट. ३ टक्क्यांनी घटली तर ऊर्जा आहे तिथेच राहते आणि अर्थव्यवस्था १९ पट. म्हणजे सबंध शतकाचं भवितव्य एका टक्क्याच्या इकडेतिकडे लटकलेलं, आणि तो टक्का कोणी मोजून आणलेला नसतो, मॉडेल करणाऱ्याने गृहीत धरलेला असतो. म्हणून अहवाल हातात आला की मी आधी निष्कर्ष वाचत नाही, परिशिष्टात जाऊन तीव्रतेचा दर शोधतो.

इतिहास काय सांगतो? १९६५ ला जगाचा वापर १५५ एक्साज्यूलच्या आसपास होता, २०२३ ला ६२०, म्हणजे चौपट. त्याच काळात खरा जीडीपी, महागाई काढून, सहापटीहून जास्त झाला. म्हणजे ५८ वर्षांत तीव्रता जेमतेम एक-तृतीयांशाने उतरली, वर्षाला एक टक्कासुद्धा नाही. अर्थात हे बाजारातल्या विनिमय दराने झालं, क्रयशक्तीने, म्हणजे त्या त्या देशात पैशाला काय मिळतं त्या हिशोबाने, जीडीपी मोजला तर घट जास्त दिसते कारण वेगाने वाढलेल्या गरीब देशांचं वजन वाढतं. बघा, इथेही मोजण्याची पद्धत आलीच.

श्रीमंत देशांत चित्र बरंच वेगळं आहे. अमेरिकेचा एकूण ऊर्जावापर २००० साली जेवढा होता त्यापेक्षा आज किंचित कमीच आहे आणि खरा जीडीपी मात्र साधारण ६०% वाढलाय. ब्रिटन तर १९६५ च्याही खाली गेलाय. तेव्हा वाढ आणि ऊर्जा यांची फारकत होऊ शकते हे कागदावरचं स्वप्न नाही, झालेली गोष्ट आहे.

आणि ते १२ कोटी विरुद्ध २.४ कोटी. नेट झिरो हा अंदाज नाहीच मुळी. तो उलटा सोडवलेला प्रश्न आहे: २०५० ला उत्सर्जन शून्य व्हायचं असेल तर मध्ये काय काय व्हावं लागेल? ओपेकचा आकडा हा त्यांच्या मते काय होईल याचा आहे, आणि तेल विकणाऱ्यांच्या मते काय होईल हे आपण जरा जपूनच घ्यावं. दोन्ही एका तक्त्यात टाकले तर पाचपट फरक दिसणारच.

गॅलरीतला:

वाखुसा (वाचनखूण साठवली). खुर्ची टाकून बसलोय, चालू द्या.

शंकासुर:

अनर्थराव, तुमचा ब्रिटन माझ्या पचनी पडत नाही. पोलाद, सिमेंट, कपडे, फोन हे सगळं दुसरीकडे बनतं आणि जहाजाने येतं, मग वापर कमी झाला असं म्हणायचं की वापर शेजाऱ्याच्या मीटरवर टाकला असं म्हणायचं? जगातला निम्म्याहून जास्त कोळसा एकटा चीन जाळतो, त्यातला काही भाग कोणाच्या दुकानातल्या मालासाठी जळतो ते बघा की. जगाच्या पातळीवर असा शेजारी नसतो, म्हणून जगाचा आकडा खरा, आणि तो तुम्हीच दिलात, वर्षाला एक टक्कासुद्धा नाही.

आता अंदाजांबद्दल. लांब पल्ल्याच्या ऊर्जेच्या अंदाजांचं प्रगतिपुस्तक काढलं तर मार्क वाचवणार नाहीत. १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने सांगितलं की २००० साली जगात ४,४५० गिगावॉट अणुवीज असेल. झाली किती? ३५० च्या आसपास. बारापटीहून जास्त चूक, आणि ही कोणा ऐऱ्यागैऱ्याची नव्हती, त्या विषयातल्या सगळ्यात मोठ्या संस्थेची होती. बरं, चूक एकाच दिशेने होते म्हणावं तर सौरऊर्जेत नेमकं उलटं झालं. आयईएचे जुने अहवाल काढून बघा, दरवर्षी ते म्हणायचे की आता सौर पॅनेल लावण्याचा वेग स्थिरावेल आणि दरवर्षी तो आणखी वर जायचा. १९५४ ला पहिला धड चालणारा सिलिकॉनचा सेल बनला तिथून १,००० गिगावॉटला पोचायला २०२२ उजाडलं, आणि पुढचे १,००० फक्त दोन वर्षांत झाले. ज्यांना पुढच्या पाच वर्षांचं दिसलं नाही ते २१०० चं सांगतात आणि आपण ऐकतो.

सगळ्यात जुनं आणि माझं आवडतं उदाहरण म्हणजे जेव्हन्स हा इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ. १८६५ मध्ये त्याने ब्रिटनच्या कोळशाचा हिशोब मांडला. वापर साडेतीन टक्क्यांनी वाढतोय, असाच वाढत राहिला तर १९६१ ला वर्षाला २६० कोटी टन लागेल. प्रत्यक्षात ब्रिटनचं उत्पादन १९१३ ला २९ कोटी टनांच्या आसपास शिखरावर गेलं आणि मग उतरतच गेलं, आणि २०२४ च्या सप्टेंबरअखेर तिथलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्रही बंद झालं. जेव्हन्सवर अन्याय नको म्हणून सांगतो, एवढा कोळसा निघणं शक्य नाही हे त्याला माहीत होतं, मुद्दा तोच होता त्याचा. पण बाकी आजही खरं ठरतंय ते म्हणजे त्याचं दुसरं निरीक्षण, की इंजिनं जास्त कार्यक्षम झाली की कोळसा वाचत नाही, उलट इंजिनं जागोजाग बसतात आणि एकूण वापर वाढतो. कार्यक्षमतेने मागणी घटेल असं सांगणारा प्रत्येक जण हे वाक्य गिळून पुढे जातो.

आणि आता एआय आलंय. आयईएच्याच हिशोबाने डेटा सेंटर्सनी २०२४ ला ४१५ टेरावॉटतास वीज खाल्ली, २०३० ला ९४५ च्या आसपास. हे कोणाच्या २०१५ च्या मॉडेलमध्ये होतं?

टर्बाइनवाला:

डेटा सेंटरचं थोडं प्रमाणात ठेवा राव. ४१५ म्हणजे जगातल्या एकूण विजेच्या दीड टक्का. दुप्पट झाली तरी तीन टक्क्यांच्या आत. ज्या शहराजवळ चार मोठी सेंटर्स येतात तिथल्या ग्रीडची झोप उडते हे खरं, पण शतकाचा आलेख त्याने हलत नाही. शतकाचा आलेख एसी, पोलाद, सिमेंट, ट्रक आणि अजून ज्यांच्याकडे फार काही नाही अशी कोट्यवधी माणसं हलवणार.

निवांत_वाचक:

वा, अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं. जेव्हन्सचं माहीत नव्हतं. दोन उपप्रश्न. एक, ही जी अजून न वापरणारी माणसं आहेत त्यांच्यामुळे वरची मर्यादा साधारण किती येते? दोन, समजा २१०० निभलं, त्यापुढे काय? वाढ ३०० वर्षं, ५०० वर्षं चालू राहू शकते का? कुठेतरी वाचलं की पृथ्वी उकळेल, हे खरं आहे का क्लिकबेट?

उष्मा_गतिक:

दुसऱ्या प्रश्नासाठीच लॉगिन केलं, गणित सोपं आहे आणि स्वतः करून बघण्यासारखं आहे.

जगाचा वापर सरासरी २० टेरावॉट (एक टेरावॉट म्हणजे एक लाख कोटी वॉट) धरा. वर्षाला २.३% वाढ म्हणजे शंभर वर्षांत जवळजवळ दहापट, म्हणून हा दर हिशोबाला सोयीचा पडतो, शिवाय १९६५ पासूनच्या दराच्या जवळही आहे. १०० वर्षांनी २००, २०० वर्षांनी २,०००, ३०० वर्षांनी २०,००० आणि ४०० वर्षांनी २ लाख टेरावॉट. पृथ्वीवर सूर्याकडून पडणारं सगळं ऊन आहे सुमारे १ लाख ७४ हजार टेरावॉट. म्हणजे समुद्र, वाळवंट, जंगल, ढग, सगळ्यावर पडणारा प्रत्येक किरण वापरला तरी चारशे वर्षांत कमी पडतो. चारशे वर्षं म्हणजे काही युगं नाहीत.

यावर लोक म्हणतात की सूर्य नको, फ्युजन (अणुकेंद्रं एकत्र जोडून मिळणारी ऊर्जा) येईल. येऊ दे. वापरलेली प्रत्येक ऊर्जा शेवटी उष्णता होते आणि ती अवकाशात जायला एकच रस्ता आहे, पृथ्वीने तापून जास्त उष्णता किरणांतून बाहेर टाकणे. आजचे २० टेरावॉट पृथ्वीच्या पृष्ठभागावर पसरले तर दर चौरस मीटरला ०.०४ वॉट येतात, नगण्य. हरितगृह वायूंचा परिणाम याच्या कित्येक पट मोठा आहे म्हणून आज याची कोणी चर्चा करत नाही. पण शंभरपट झाले, म्हणजे त्याच दराने २०० वर्षांनी, की ४ वॉटच्या जवळ जातं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट केल्याने जेवढा भार पडतो तेवढाच हा. तोही कार्बनचा एक अणू न सोडता! ३०० वर्षांनी ४० वॉट. त्यानंतरचं काही विचारू नका. तेव्हा उकळेल हे क्लिकबेट नाही, फक्त वाक्याच्या आधी 'ऊर्जेचा वापर याच दराने वाढत राहिला तर' हे जोडावं लागतं.

एक पळवाट आहे. जमिनीवर पडलेलं ऊन पॅनेलने पकडलं तर ते तसंही उष्णताच होणार होतं, त्यामुळे वारा आणि सौर यांचा हा जादा भार जवळजवळ पडत नाही (पॅनेल काळं असतं, वाळू फिकी असते, तेवढा थोडा फरक पडतो). पण मग मर्यादा उन्हाची लागते, ती वर सांगितली.

थोडक्यात ऊर्जेच्या वापराची घातांकी वाढ पृथ्वीवर काही शतकांच्या आत थांबणारच. थांबावी का, हा चर्चेचा विषयच नाही. आता प्रश्न उरतो की ऊर्जा सपाट झाल्यावर जीडीपी वाढत राहू शकतो का. माझ्या मते फार काळ नाही. कारण ऊर्जा ठरावीक आणि जीडीपी १९ पट, मग ३६० पट, मग सात हजार पट, असं होत गेलं तर ऊर्जेचा अर्थव्यवस्थेतला वाटा शून्याकडे जातो आणि एखादा बरा पगार असलेला माणूस जगातली सगळी ऊर्जा विकत घेऊ शकेल अशी वेळ येते. हे हास्यास्पद आहे. ज्याच्याशिवाय काहीच हलत नाही ती वस्तू कवडीमोल राहूच शकत नाही.

अर्थाचा_अनर्थ:

उष्मा_गतिक, भौतिकशास्त्राला माझा साष्टांग नमस्कार, पहिला अर्धा भाग शंभर टक्के मान्य. शेवटच्या परिच्छेदात मात्र तुम्ही जीडीपी ही जणू वजनकाट्यावर ठेवायची वस्तू आहे असं धरलंय.

उदाहरण देतो. ब्रिटनमधल्या प्रकाशाच्या किमतीवर झालेला एक गाजलेला अभ्यास आहे, त्यात असं निघालं की २००० साली तेवढ्याच प्रकाशाची किंमत १८०० च्या तीन हजाराव्या भागापेक्षा कमी झाली होती आणि दरडोई प्रकाश वापरला जात होता साडेसहा हजार पट. मेणबत्ती, गॅसबत्ती, मग दिवा असं होत गेलं. शंकासुरांना यात जेव्हन्स दिसेल, खुशाल दिसू दे, पण मला यात हे दिसतं की प्रकाशाशिवाय काहीच चालत नाही तरी तो अर्थव्यवस्थेचा नगण्य भाग झाला आणि त्याच्या मालकाने जगाला वेठीला धरलं नाही. गरजेची वस्तू स्वस्त होत जाऊन वाट्याने लहान होणं हे शेतीतही झालंय. एकेकाळी बहुतेक माणसं अन्न पिकवण्यातच गुंतलेली असायची, आज श्रीमंत देशांत दोन-चार टक्के. अन्न गरजेचं राहिलं नाही असं थोडंच आहे?

पण हो, अनंत काळ नाही, इतकं मीही मान्य करतो. माझं म्हणणं एवढंच की वाढीला लगाम लागणार तो ऊर्जेमुळे लागायच्या कितीतरी आधी माणसांमुळे लागेल. संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अंदाज म्हणतो की लोकसंख्या २०८० च्या दशकाच्या मध्याला साधारण १,०३० कोटींवर जाऊन उतरायला लागेल. आजचे वाढीचे सिद्धांत (पॉल रोमरला २०१८ चं नोबेल ज्यासाठी मिळालं ते) म्हणतात की दीर्घकाळ वाढ नव्या कल्पनांमुळे होते, आणि कल्पना माणसांना सुचतात. चार्ल्स जोन्स म्हणून अर्थशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी याच मॉडेलमध्ये घटती लोकसंख्या टाकून दाखवलं की वाढ चक्क थांबू शकते, राहणीमान एका पातळीला येऊन गोठतं आणि माणसं कमी होत जातात. आता यावर कोणी म्हणेल एआयला कल्पना सुचतील. सुचोत बापड्या, मग वाढ उलट भरमसाट होईल असं म्हणणाराही एक पंथ आहे. शून्यापासून भरमसाटपर्यंत सगळं एकाच शाखेच्या सभ्य जर्नल्समध्ये सापडतं, तेव्हा २१०० च्या जीडीपीचा एकच आकडा कोणी ठणकावून सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

हवामानवाल्यांचे जे पाच एसएसपी पट आहेत, म्हणजे जग पुढे कसं जाऊ शकेल याची पाच कल्पित चित्रं, त्यांचंही हेच आहे. २१०० ची लोकसंख्या सुमारे ७०० कोटींपासून १,२६० कोटींपर्यंत आणि दरडोई उत्पन्न साधारण २० हजारांपासून १ लाख ४० हजार डॉलरपर्यंत, २००५ च्या क्रयशक्तीने. ते लोक प्रामाणिकपणे सांगतात की कुठला खरा होईल ते आम्ही सांगत नाही. पण बातमीत मात्र एकच रेघ येते.

शंकासुर:

प्रकाशाचं उदाहरण भारी आहे, मान गये. पण प्रकाश स्वस्त झाला तो ऊर्जा स्वस्त आणि मुबलक झाल्यामुळे ना? ऊर्जाच स्वस्त व्हायला तिच्या खाली आणखी काय आहे? शेतीचंही तेच, दोन टक्के माणसं पिकवतात कारण बाकीचं काम डिझेल, पंप आणि खतकारखान्यातला गॅस करतो. तुमची दोन्ही उदाहरणं ऊर्जेवरच उभी आहेत अनर्थराव.

अर्थाचा_अनर्थ:

अर्धंच खरं. गॅसबत्ती ते एलईडी हा प्रवास त्याच एका वॉटमधून कितीतरी जास्त प्रकाश काढण्याचा आहे, ऊर्जेच्या भावाचा त्यात छोटा वाटा. खताचा मुद्दा मान्य.

टर्बाइनवाला:

निवांत_वाचकांचा पहिला प्रश्न राहिलाच की, सगळे पाचशे वर्षं पुढे गेले.

२०२३ चे आकडे घ्या, जुन्या पद्धतीने. जगाची सरासरी माणशी ७७ गिगाज्यूल (१०० कोटी गिगाज्यूल म्हणजे एक एक्साज्यूल). अमेरिका २८० च्या जवळ, भारत २७ च्या आसपास, आफ्रिका त्याच्याही निम्मी. एक हजार कोटी माणसं उद्या अमेरिकेसारखी वागायला लागली तर २,८०० एक्साज्यूल, आजच्या साडेचारपट. माणशी १०० गिगाज्यूलवर थांबली, जिथे आयुर्मान, शिक्षण वगैरेचे आलेख सपाट व्हायला लागतात, तर १,००० एक्साज्यूल. खालच्या टोकाला २०२० मध्ये एक अभ्यास आला होता की उत्तम तंत्रज्ञान आणि नेटक्या वाटपाने सगळ्या जगाला २०५० मध्ये धड जगायला, म्हणजे घर, दवाखाना, शाळा, प्रवास सगळं धरून, १४९ एक्साज्यूल अंतिम ऊर्जा पुरते. ही अंतिम ऊर्जा आहे, म्हणजे वापरणाऱ्याच्या हातात पोचलेली, वरचे आकडे प्राथमिक, थेट भागाकार करू नका. तरी आजच्यापेक्षा ६०% कमी. आणि २०१८ मध्ये दुसऱ्या एका गटाने २४५ काढले होते, त्यात कोणाचं राहणीमान न उतरवता.

मला स्वतःला १४९ कागदावरच राहील असं वाटतं. माणसं गरजेपुरतं घेऊन थांबत नाहीत. पण २,८०० सुद्धा होणार नाही, कारण अमेरिकेचाच दरडोई वापर १९७० च्या दशकात शिखर गाठून उतरलाय, मग बाकीचे तिथपर्यंत चढून का जातील? २१०० ला ७०० ते १,१०० च्या मध्ये कुठेतरी असं माझं आतड्यातलं मत आहे, त्याला मॉडेल वगैरे काही नाही. वीज मात्र आजच्या तिप्पट तरी होईल. ऊर्जेपेक्षा विजेचा आलेख वेगळा बघत जा, तो जास्त खरं बोलतो.

उष्मा_गतिक:

१,१०० धरले तरी ३५ टेरावॉट, पसरून ०.०७ वॉट. माझी उकळणारी पृथ्वी या शतकात तरी लागू नाही. या शतकात प्रश्न कार्बनचा आहे आणि खनिज इंधनांचा वाटा अजून ८० टक्क्यांच्या आसपास आहे. माझा आक्षेप फक्त 'अनंत वाढ' या शब्दांना.

निवांत_वाचक:

धन्यवाद सगळ्यांना. एक्सेलमध्ये आता जीडीपीच्या दराशेजारी तीव्रतेचा रकाना टाकलाय आणि दोन्हीत अर्धा-अर्धा टक्का हलवून बघतोय, शेवटचा आकडा वेड्यासारखा पळतो. एक शेवटचं, यातलं प्रत्यक्षात काय होतंय ते दरवर्षी बघायचं असेल तर एकच गोष्ट कुठली बघू?

टर्बाइनवाला:

तोच तीव्रतेचा दर, आयईएच्या वार्षिक कार्यक्षमता अहवालात असतो. २०२३ ला दुबईच्या हवामान परिषदेत देशांनी ठरवलं की सुधारणेचा वेग २०३० पर्यंत दुप्पट करायचा, वर्षाला २ टक्क्यांवरून ४ वर. त्या वर्षी तो १ टक्का निघाला. २०२४ लाही १ च.

शंकासुर:

आणि २०२५ च्या वर्ल्ड एनर्जी आउटलुकमध्ये आयईएने मधली काही वर्षं वगळलेला 'सध्याची धोरणं तशीच' हा पट पुन्हा घातलाय, त्यात तेल आणि गॅस २०५० पर्यंत वाढतच जातात. म्हणजे तुमच्या १२ कोटी आणि २.४ कोटींच्या मधली बरीच जागा आता एकाच संस्थेच्या एकाच अहवालात भरलीये. रकाने वाढवा.

अर्थाचा_अनर्थ:

वाढवा, पण प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर 'जर' लिहा. २०२३ च्या आवृत्तीत कोळसा, तेल, गॅस ही तिन्ही इंधनं २०३० च्या आत शिखर गाठतात असं होतं, तेही जाहीर झालेली धोरणं अमलात आली तर.

गॅलरीतला:

ती एक्सेल फाईल इथे चिकटवा ना कोणीतरी.